डच विमा आणि ॲन्युइटीच्या कागदांचं इंग्रजी भाषांतर : एका शपथबद्ध भाषांतरकार बाईंच्या सेवेविषयी

माझा धाकटा भाऊ अजित नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला नोकरीत होता. गेल्या वर्षी तो गेला. त्याची बायको मेधा काही वर्षांपूर्वीच मुलीला घेऊन सांगलीला परत आली होती, त्यामुळे सगळे कागद इकडेच आले. घरकर्जाला जोडलेली एक मुदत विम्याची पॉलिसी, एक ॲन्युइटीची पॉलिसी (म्हणजे पैसे भरून पुढे नियमित रक्कम मिळवण्याचा करार), पेन्शन फंडाचं वार्षिक पत्रक, अंत्यविधीच्या विम्याचा एक छोटा दाखला आणि कंपन्यांची पत्रं, सगळं डचमध्ये. मेधाला दुकानात, शाळेत, डॉक्टरकडे लागतं तेवढं डच चांगलं येतं. पॉलिसीच्या अटी तिच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. मला डच अजिबात येत नाही, पण एलआयसीच्या शाखेत पॉलिसी सर्व्हिसिंग आणि क्लेम्सच्या टेबलावर माझी सारी नोकरी गेली. म्हणून भाषांतर हातात आल्यावर ते विम्याच्या दृष्टीनं उभं राहतं की नाही, हे मला बघता आलं. हा अभिप्राय त्या नजरेतूनच लिहिते आहे.

इंग्रजी भाषांतर लागलं ते मुख्यतः आमच्या सीएंना. मेधा आता भारतात रहिवासी आहे आणि सर्वसाधारण रहिवाशाला प्राप्तिकर विवरणात परदेशातल्या मालमत्तेचं ‘शेड्यूल एफए’ भरावं लागतं. त्यात परदेशी विमा आणि ॲन्युइटी करारांसाठी वेगळा तक्ता आहे. कराराची तारीख, कॅलेंडर वर्षाअखेरची कॅश व्हॅल्यू किंवा सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणारी रक्कम), वर्षभरात जमा झालेली एकूण रक्कम, हे सगळं त्यात द्यायचं असतं. 2015 च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्यानुसार परदेशी मालमत्ता दाखवली नाही तर 10 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. 2024 च्या ऑक्टोबरपासून स्थावर सोडून एकूण 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला यातून सूट आहे, पण अजितच्या पॉलिसीची किंमत त्याच्या वर जात होती. सीए म्हणाले, “ताई, मला फक्त चार गोष्टी खात्रीनं सांगा. पॉलिसी कोणाची, आयुष्य कोणाचं, पैसे कोणाला, आणि आज मोडली तर किती.” कुठल्याही क्लेम ऑफिसरनं विचारावेत असेच हे प्रश्न होते. मला ते फार आवडले.

पहिल्यांदा आम्ही एका भाषांतर संस्थेकडे गेलो. संस्थेचं नाव लिहीत नाही. काम वेळेवर मिळालं, इंग्रजी सफाईदार होतं, आणि मुदत विम्याच्या पॉलिसीचं पहिलंच पान वाचून मी मेधाला म्हटलं, हे असं असूच शकत नाही. लाभार्थी क्रमांक एक म्हणून त्यात लिहिलं होतं ‘द इन्शुअर्ड’. म्हणजे ज्याच्या आयुष्यावर विमा, तो गेल्यावर पैसे त्यालाच!

असं का झालं ते नंतर कळलं. डच पॉलिसीत ‘फरझेकरिंगनेमर’ म्हणजे पॉलिसी घेणारा, करार करणारा, हप्ता भरणारा. ‘फरझेकरदे’ म्हणजे ज्याच्या आयुष्यावर विमा आहे तो. आपल्याकडेही पॉलिसीहोल्डर आणि लाइफ अश्युअर्ड हे दोन वेगळे असतात, पण बहुतेक पॉलिसींत दोन्ही एकच माणूस असल्यामुळे लोक तो फरक विसरतात. नेदरलँड्समध्ये मात्र पुष्कळ नवरा-बायको मुदत विमा मुद्दाम आडवा घेतात. बायको पॉलिसी घेते आणि हप्ता भरते, आयुष्य नवऱ्याचं. नवऱ्याच्या पॉलिसीत याच्या उलट. कारण वारसा कराचं आहे. पैसा मृताच्या खिशातून गेलेला नाही, हे नीट मांडलेलं असेल तर मिळणाऱ्या रकमेवर वारसा कर लागत नाही. अजित-मेधानं असंच केलं होतं. पॉलिसी मेधाची, आयुष्य अजितचं, लाभार्थी क्रमांक एक ‘फरझेकरिंगनेमर’, म्हणजे मेधाच. संस्थेनं दोन्ही शब्दांना एकच इंग्रजी शब्द लावला आणि पूर्ण पॉलिसीची रचनाच पुसली गेली.

तेव्हा मेधानं आइंडहोव्हनमधल्या जुन्या शेजारणीला विचारलं आणि तिथल्या न्यायालयात शपथ घेतलेल्या एका भाषांतरकार बाईंचा पत्ता मिळाला. या बाई स्वतः आधी एका विमा कंपनीत आयुर्विमा विभागात होत्या. मी मनापासून शिफारस करते आहे ती यांच्याच सेवेची. त्यांची खासगी व्यक्ती म्हणून कदर ठेवायची असल्यानं नाव इथे देत नाही. मात्र असा माणूस कसा शोधावा हे सांगते. शपथबद्ध दुभाषे आणि भाषांतरकारांचा डच कायदा 1 जानेवारी 2009 पासून लागू आहे आणि त्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. तीत भाषेची दिशा वेगळी नोंदलेली असते. डचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून डचमध्ये ही दोन वेगळी कामं धरतात, ते तपासून घ्या. शपथ भाषांतराची असते, विम्याच्या ज्ञानाची नसते. म्हणून नाव सापडलं की पुढचा प्रश्न स्वतःच विचारायचा : तुम्ही आयुर्विम्याचं आणि ॲन्युइटीचं काम केलं आहे का?

बाईंनी काम हातात घेण्याआधी सगळ्या कागदांचे स्कॅन मागवले आणि कुठले कागद भाषांतरित करायची गरजच नाही ते कळवलं. सर्वसाधारण अटींची जाड पुस्तिका होती, तिच्यातली मोजकीच कलमं त्यांनी घेतली. शब्दामागे दर असल्यानं पुस्तिका पूर्ण घेतली असती तर त्यांचाच फायदा होता. त्यांचा दर आधीच्या संस्थेच्या जवळपास दुप्पट आहे, हे आधी सांगून ठेवते. पण गाळलेल्या पानांमुळे बिल शेवटी फारसं वर गेलं नाही.

खरा कस लागला तो ॲन्युइटीच्या पॉलिसीत. डचमध्ये तिला ‘लेइफरेंटे’ म्हणतात. या देशाचा ॲन्युइटीशी संबंध फार जुना आहे. हॉलंडचे मुख्य मंत्री योहान द विट यांनी 1671 साली आयुष्यभराच्या ॲन्युइटीची किंमत मृत्यूच्या शक्यतेवरून मोजून सरकारपुढे मांडली होती. तेव्हा सरकार वार्षिक रकमेच्या 14 पट घेऊन ॲन्युइटी विकत होतं आणि द विट यांच्या हिशेबानं ती निदान 16 पटीची होती. आमच्या ट्रेनिंगमध्ये ॲक्चुअरी, म्हणजे विम्याचं गणित मांडणाऱ्या सरांनी हे शिकवलं होतं आणि माझ्या ते पक्कं लक्षात राहिलं आहे. त्याच देशातली ॲन्युइटी एक दिवस आपल्या घरच्या टेबलावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

अजितची पॉलिसी अशी होती : हप्ते भरायचे, ते ठरावीक मर्यादेपर्यंत उत्पन्नातून वजा होतात, आणि निवृत्तीनंतर जमा रकमेतून नियमित पैसे मिळतात, त्यांवर कर लागतो. मध्येच मोडता येत नाही असं नाही, पण मोडली तर पूर्ण रकमेवर प्राप्तिकर आणि वर 20 टक्के ‘रेव्हिझीरेंटे’. या शेवटच्या शब्दाचं पहिल्या संस्थेनं ‘रिव्हिजन इंटरेस्ट’ केलं होतं. आमच्या सीएंनी ते वाचून विचारलं, व्याज कोणाला मिळतं, मेधाला का? बाईंनी डच शब्द तसाच ठेवला आणि तळटीप दिली, की हे व्याज नसून ॲन्युइटी अवेळी मोडल्याबद्दल पॉलिसीच्या किमतीवर 20 टक्क्यांनी आकारली जाणारी जादा कर-रक्कम आहे. दोन ओळींची टीप, पण तिच्यामुळे सरेंडर व्हॅल्यूच्या रकान्यात कुठला आकडा घालायचा आणि मेधाच्या हातात प्रत्यक्षात किती येईल, या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या.

पुढे एक शब्द होता ‘प्रेमीफ्रेइ’. अजितनं नोकरी बदलली तेव्हा हप्ते थांबवले होते आणि पॉलिसीवर हा शिक्का होता. संस्थेनं ‘प्रीमियम-फ्री’ असं भाषांतर केलं. मेधाला वाटलं कंपनीनं हप्ता माफ केला आणि पॉलिसी पूर्ण रकमेची चालू आहे. क्लेमच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही ते ‘पेड-अप’ आहे हे लगेच कळेल. हप्ते थांबले, रक्कम कमी झाली, करार जिवंत राहिला. एलआयसीत किती जणांना मी हे समजावलं असेल! पेड-अप हा शब्द न वापरल्यामुळे वारसांच्या अपेक्षा लाखांनी चुकू शकतात. बाईंनी ‘पेड-अप’ लिहिलंच, शिवाय मूळ आणि कमी झालेली अशा दोन्ही रकमा पॉलिसीत कुठे आहेत ते पानाच्या क्रमांकासह दाखवलं.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र ‘कोन्त्राफरझेकरिंग’. नुसती पुढे सुरू होणारी ॲन्युइटी असेल तर माणूस निवृत्तीच्या तारखेपर्यंत जगलाच पाहिजे. आधी गेला तर काही मिळत नाही. त्याला तोड म्हणून सोबत मृत्यूचं संरक्षण जोडतात, म्हणजे आधी मृत्यू आला तर जमा किमतीचा ठरलेला हिस्सा मागे राहिलेल्यांना मिळतो. अजितच्या पॉलिसीत तो 90 टक्के होता. संस्थेच्या भाषांतरात ‘काउंटर-इन्शुरन्स’ एवढाच शब्द होता आणि आम्हा तिघांपैकी एकालाही त्यातून कळलं नसतं की अजितच्या मृत्यूनंतर पैसे येणार आहेत ते याच कलमामुळे. बाईंनी त्याचं ‘ॲन्युइटी सुरू होण्याआधीच्या मृत्यूवरील परतावा संरक्षण’ अशा अर्थाचं सरळ इंग्रजी केलं आणि डच शब्द शेजारी ठेवला. आपल्या डिफर्ड, म्हणजे पुढे सुरू होणाऱ्या ॲन्युइटीत मृत्यूनंतर पैसे परत मिळण्याची सोय असते, तिची ही जवळची बहीण. वाचताच माझ्या डोक्यात सगळी पॉलिसी उलगडली.

आणि या परताव्याला एक अट आहे, ती भाषांतरात ठळक आली नसती तर मोठं नुकसान झालं असतं. ती रक्कम मेधाला रोख उचलता येत नाही. उचलली तर ॲन्युइटी मोडल्यासारखंच, प्राप्तिकर आणि वरचे 20 टक्के. तिनं त्यातून ‘नाबेस्तांदन-लेइफरेंटे’, म्हणजे मागे राहिलेल्या जोडीदाराची ॲन्युइटी, घ्यायची आणि ती मृत्यूच्या वर्षानंतरच्या दुसऱ्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत सुरू व्हायला हवी. ती त्याच कंपनीकडून घ्यावी अशीही सक्ती नाही, दर बघून दुसरीकडे जाता येतं. बाईंनी कंपनीच्या पत्राच्या भाषांतरात ही मुदत अगदी वरच दिसेल अशी सोय केली. मूळ पत्रात ती तिसऱ्या पानावर, लांबलचक वाक्याच्या पोटात होती. वाक्याची मोडतोड न करता त्यांनी मूळ क्रम ठेवला आणि वरती भाषांतरकाराची टीप म्हणून ती तारीख दिली. शपथेखालच्या कामात स्वतःची भर कुठे आणि मूळ मजकूर कुठे हे इतकं स्वच्छ ठेवणं मला फार आदरास्पद वाटलं.

‘बेखुन्स्तिखदे’ या शब्दावर मी त्यांना फोनवर बराच वेळ घेतला. तो लाभार्थी. सीएंच्या कार्यालयातल्या मुलानं मसुद्यात तिथे ‘नॉमिनी’ लिहून टाकलं होतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं नॉमिनीचा अर्थ फक्त पैसे स्वीकारणारा असा होता, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयानंही तसंच सांगितलं होतं. विमा कायद्यात 2015 ची दुरुस्ती आल्यावर आई-वडील, जोडीदार आणि मुलं नॉमिनी असतील तर त्यांना मालकी हक्कही मिळतो, पण बाकीच्यांच्या बाबतीत जुनाच अर्थ. डच लाभार्थी मात्र स्वतःच्या हक्कानं पैसे घेतो, मृताच्या इस्टेटीतून नाही. म्हणून ‘बेनिफिशियरी’च ठेवा, ‘नॉमिनी’ करू नका, असं बाईंनी ठासून सांगितलं. त्यांना भारतातला नॉमिनीचा कायदा माहीत नव्हता, मी सांगितला. मग त्यांनी मला त्यांच्याकडचा नियम सांगितला. दोन विमेवाल्या बायका वेगवेगळ्या देशांत बसून एकमेकींना कलमं समजावत होत्या. त्या दिवशी अजितच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच मला हातात काहीतरी घट्ट धरल्यासारखं वाटलं.

मुदत विम्याच्या पॉलिसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचा हक्क होता. आपल्याकडे घरकर्जासाठी पॉलिसी असाइन करून घेतात, तेव्हा हक्कच बँकेकडे जातो. डच ‘फरपांडिंग’ तशी नाही. ती तारण आहे. पॉलिसी मेधाचीच राहते, बँकेला शिल्लक कर्जाएवढी रक्कम आधी मिळते. बाईंनी ‘प्लेज’ शब्द वापरला, ‘असाइनमेंट’ टाळला. वाचताना हे किरकोळ वाटेल. पण असाइन झालेली पॉलिसी मेधाची मालमत्ता आहे का, असा प्रश्न निघाला असता तर विवरण भरताना सगळं अडलं असतं.

आकड्यांचं एक जरूर सांगायला हवं. डच लोक हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. 48.500 म्हणजे अठ्ठेचाळीस हजार पाचशे. संस्थेनं आकडे जसेच्या तसे उतरवले होते. सांगलीत बसलेला माणूस ते साडेअठ्ठेचाळीस वाचेल. बाईंनी प्रत्येक आकडा इंग्रजी पद्धतीनं लिहिला आणि पहिल्या पानावर तसं केल्याची नोंद केली. तारखांतही ‘करार सुरू झाल्याची तारीख’ आणि ‘पॉलिसी दस्तऐवज दिल्याची तारीख’ त्यांनी वेगळ्या ठेवल्या. शेड्यूलमध्ये कुठली घ्यायची हा निर्णय सीएंनी घेतला, जसा तो त्यांनीच घ्यायचा असतो. ॲन्युइटीचा हप्ता ‘अख्तराफ’ मिळेल या शब्दाचंही तसंच. महिना संपल्यावर मिळणारा तो हप्ता. ‘पेएबल इन अरिअर्स’ हे त्याचं विम्यातलं इंग्रजी, आपल्या ॲन्युइटीच्या कागदांतही हेच शब्द असतात. पण थकबाकी असा गैरसमज होऊ नये म्हणून बाईंनी तिथेही अर्ध्या ओळीची टीप दिली.

कमतरता आहेत. बाई एकट्या काम करतात, त्यामुळे घाईचं काम घेत नाहीत आणि उन्हाळी सुट्टीत पूर्ण बंद असतात. पेन्शन फंडाच्या पत्रकाचं भाषांतर आम्हाला उशिरा मिळालं, ते थोडं घाईतलं वाटलं. त्यात जोडीदाराचं पेन्शन आणि मुलीचं पेन्शन एकाच परिच्छेदात गुंतलं होतं, विचारल्यावर त्यांनी दुरुस्त करून पुन्हा सही-शिक्क्यानिशी दिलं, जादा पैसे घेतले नाहीत. कराचा सल्ला त्या देत नाहीत, आणि तो देऊही नये. शिक्क्याची मूळ प्रत टपालानं येते, त्याला वेळ लागतो. सीएंना स्कॅन चालला, पण तुमचं काम एखाद्या भारतीय न्यायालयात किंवा सरकारी कचेरीत असेल तर भाषांतरकाराच्या सहीवर डच न्यायालयातून अपोस्टिल (सही खरी असल्याचा परदेशात चालणारा दाखला) लागू शकतं, ते आधीच विचारून ठेवा.

तुम्ही असं काम कोणाला देणार असाल तर कागदांसोबत एक पान जोडा, मी तेच केलं. कुठल्या कामासाठी भाषांतर हवं आहे, कोण वाचणार आहे, आणि वाचणाऱ्याला ब्रिटिश विम्याचे शब्द चालतील की अमेरिकन, हे त्यात लिहा. आपले सीए आणि विमेवाले ‘सरेंडर व्हॅल्यू’, ‘सम अश्युअर्ड’, ‘लाइफ अश्युअर्ड’ या शब्दांवर वाढलेले आहेत. बाईंनी पहिला मसुदा अमेरिकन शब्दांत केला होता, माझं पान वाचल्यावर सगळे बदलले आणि शेवटी आमच्या कागदांतल्या डच शब्दांची इंग्रजी यादी वेगळ्या कागदावर दिली. ती यादी मी मेधाच्या फाइलमध्ये पहिल्या पानाला लावली आहे. कंपनीकडून नवं पत्र आलं की मेधा आता आधी ती यादी उघडते, ओळखीचे शब्द अधोरेखित करते आणि मगच ठरवते, की हे पत्र बाईंना पाठवायचं की नाही. जोडीदाराच्या ॲन्युइटीसाठी दोन कंपन्यांची दरपत्रकं आली आहेत, ती मात्र दोन्ही पाठवली.